शिव्हर, ट्रेंबल, शडर, क्विव्हर, शेक... सगळ्यांचा अर्थ 'थरथरणे' असेल तर कुठे काय वापरायचं?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात. ऐरोलीच्या एका ऑफिसात परदेशातल्या इन्शुरन्स क्लेम्सचं काम करणाऱ्या मुलीने मेलमध्ये लिहिलं, 'आफ्टर द ॲक्सिडेंट द कस्टमर वॉज शिव्हरिंग अँड हिज कार वॉज ऑल्सो शिव्हरिंग'. टीम लीड हसला, पण चूक काय ते काही सांगितलं नाही. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर पाचही शब्दांपुढे तेच, थरथरणे, कापणे. मग फरक ओळखायचा कसा?

तुला अगं-तुगं करते हं, माझ्या क्लासमधल्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत. ठाण्यात 22 वर्षं इंग्रजी शिकवतेय, मधेमधे भाषांतराची कामंही केलीत, आणि हा गोंधळ दर बॅचला एकदा तरी होतोच. चूक तुझी कमी आणि डिक्शनरीची जास्त आहे, कारण तिला एका ओळीत उरकायचं असतं. पण मला एक सांग, मराठीत तू कधी म्हणशील का की माझी गाडी कुडकुडत होती? नाही ना. गाडी गचके खाते, हादरे देते. टेबल डुगडुगतं, दात वाजतात, डोळा लवतो, होडी हेलकावे खाते, म्हाताऱ्या माणसाचे हात लटलटतात, पाय लटपटतात, काच खडखडते, ज्योत फडफडते. यातला एकही शब्द तू चुकीच्या जागी वापरणार नाहीस, झोपेतसुद्धा. म्हणजे फरक तुला कळतो, फक्त इंग्रजीत लिहायला बसलं की आपण हे सगळं बाजूला ठेवतो आणि पुस्तकी 'थरथरणे' मनात आणून त्याचं इंग्रजी शोधतो. माझं म्हणणं एवढंच की इंग्रजी शब्द शोधायच्या आधी तू हीच गोष्ट घरी आईला सांगताना काय म्हणाली असतीस ते आठव. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या निम्म्यात मात्र खाचखळगे आहेत.

शिव्हरपासून सुरुवात करू, तुझी गाडी तिथेच अडकलीये. शिव्हर म्हणजे कुडकुडणं, हुडहुडी भरणं. थंडी वाजली की शरीर स्नायू भराभर आखडून-सोडून उष्णता तयार करतं, ते जे अंग उडतं ते शिव्हरिंग. गाडीला थंडी वाजत नाही, म्हणून टीम लीड हसला. ठाण्यात थंडी कुठली म्हणा, वर्गात मी एसी लोकलचंच उदाहरण देते, जुलैत चिंब भिजून ठाण्याला एसी गाडीत चढायचं आणि घाटकोपर येईपर्यंत आपण काय करत असतो ते शिव्हर. तापातही तेच. पावसाळ्यात मलेरियाची साथ असली की आपल्याकडच्या केसपेपरवर 'फीव्हर विथ चिल्स अँड रायगर्स' लिहिलेलं दिसतं, त्यातलं चिल म्हणजे आतून थंडी वाजणं आणि रायगर म्हणजे बघणाऱ्याला दिसेल असं अंग उडणं, दोन-दोन गोधड्या घातल्या तरी न थांबणारं. माझी एक विद्यार्थिनी नर्स होती, नवी मुंबईत एका हॉस्पिटलात, तिने ड्युटी बदलताना नोटमध्ये लिहिलं 'पेशंट इज ट्रेंबलिंग'. पुढच्या शिफ्टचे डॉक्टर आले ते थेट पेशंटशी बोलायला बसले, काही टेन्शन आहे का, घरचं कोणी बोलवू का. पेशंटला 103 ताप! शिव्हरिंग लिहिलं असतं तर पहिला हात थर्मामीटरकडे गेला असता.

शिव्हर भीतीनेही होतो, पण तो क्षणभराचा. 'इट सेंट शिव्हर्स डाउन माय स्पाइन' म्हणजे आपला अंगावर शहारा आला. अंगावर काटा आला म्हणायचं असेल तर गूजबम्प्स, ते कापणं नाहीच मुळी, केस उभे राहणं आहे. (समुद्री चाच्यांच्या तोंडी 'शिव्हर माय टिंबर्स' असतं ना, त्यातला शिव्हर हा वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ ठिकऱ्या उडणं, टिंबर्स म्हणजे जहाजाची लाकडं. मुलं दर वर्षी विचारतात म्हणून सांगून टाकलं.)

आता ट्रेंबल. डॉक्टर जे समजले ते याच्यामुळे. ट्रेंबल बारीक असतो, सतत चालू असतो, आपल्या हातात नसतो आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे मन असतं, म्हणजे भीती, संताप, अतिआनंद, नाहीतर मग अशक्तपणा. हात, ओठ, गुडघे, आवाज हे ट्रेंबल होतात. गडकरी रंगायतनच्या विंगेत पहिल्या एन्ट्रीच्या आधी उभं राहून बघ, तुला ट्रेंबलची व्याख्या विचारावी लागणार नाही. मूळ लॅटिनमधलं ट्रेमेरे, त्याच घरातले ट्रेमर आणि ट्रेम्युलस, आणि गंमत म्हणजे ट्रेमेंडससुद्धा. आज आपण ट्रेमेंडस रिस्पॉन्स वगैरे म्हणतो, मुळात त्याचा अर्थ समोरच्याला कापरं भरवणारा असा होता.

वस्तूंनाही ट्रेंबल चालतो, पण नाजूक वस्तूंना. माझा क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मागची खिडकी रुळांकडे उघडते. मी टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवते, शेजारी बशीत चमचा, आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगते. फास्ट गाडी यायला लागली की आधी काहीच ऐकू येत नाही पण पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागतात, ते 'द वॉटर ट्रेंबल्ड'. मग गाडी जवळ आली की चमचा बशीवर टिणटिण वाजतो आणि खिडकीची सैल काच खडखडते, ते 'रॅटल्ड', कारण रॅटलमध्ये हलण्यापेक्षा आवाज महत्त्वाचा. मग मी मुद्दाम टेबलाला गुडघा मारते, पाणी हिंदकळून बाहेर सांडतं, ते 'द टेबल शुक'. आणि वर पंखा आहे तो गाडी असो नसो कायम वॉबल होतच असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. एका लोकलमध्ये एवढं शिकून होतं, बॅच पुढे सगळं व्याकरण विसरते पण पेला विसरत नाही.

शेक हा या सगळ्यांत घरचा माणूस. बोलताना कुठला शब्द वापरावा सुचत नसेल तर शेक म्हण, बहुतेक वेळा निभावून जातं, खुद्द इंग्रज लोकही रोजच्या बोलण्यात तेच करतात. 'माय हँड्स वेअर शेकिंग' कुठल्याही कारणासाठी चालतं, भीती, थंडी, भूक, राग, हसू. पोट धरून हसताना माणूस 'शेक्स विथ लाफ्टर', तिथे ट्रेंबल लिहिलंस तर तो हसतोय की रडतोय असा प्रश्न पडेल. शिवाय शेक दोन्हीकडून चालतो, म्हणजे आपलं हलणं आणि हलवणं दोन्ही त्यात आलं. औषधाच्या बाटलीवर 'शेक वेल बिफोर यूज' असतंच. ट्रेंबल आणि शिव्हर असे दुसऱ्यावर लादता येत नाहीत. 'फिअर ट्रेंबल्ड मी' हे मी इतक्या वेळा तपासलंय की लाल पेन आपोआप तिकडे जातं, भीतीने मला थरथरवलं असं मराठीतही आपण म्हणत नाही खरंतर, पण इंग्रजी लिहिताना कुठून तरी येतं.

अजून एक अगदी आपली, मराठी माणसाची चूक. थंडीने, भीतीने, रागाने, या 'ने'चं आपण सरळ 'बाय' करतो. ट्रेंबलिंग बाय फिअर, शिव्हरिंग बाय कोल्ड. किंवा जरा ऑफिसात मुरलेला असेल तर 'ड्यू टू'. इथे 'विथ' लागतो, ट्रेंबलिंग विथ फिअर, शिव्हरिंग विथ कोल्ड, शेकिंग विथ रेज. एखाद्या विचाराने असेल तर मात्र 'ॲट', शडर ॲट द थॉट. शब्द जरा इकडचा तिकडे झाला तर वाचणारा सांभाळून घेतो पण हा 'बाय' पहिल्याच नजरेत खटकतो.

तुझ्या कामात शेकचे आणखी दोन अवतार रोज लागतील. 'ही वॉज शेकिंग' म्हणजे अंग खरोखर हलत होतं. 'ही वॉज शेकन' म्हणजे मनातून हादरला होता, बाहेरून शांत दिसत असेलही. अपघाताच्या रिपोर्टात 'शेकन बट अनहर्ट' हे अगदी नेहमीचं वाक्य, हादरलाय पण लागलेलं नाही. 'शेकी' वेगळं, ते डळमळीत, शेकी व्हॉइस, शेकी शिडी, पुरावा कच्चा असेल तर शेकी एव्हिडन्स. आणि हल्ली मुलं 'आय ॲम शुक' म्हणतात ते इन्स्टापुरतं, क्लेमच्या मेलमध्ये नको. हां, आणि 'शुक हिज हेड' म्हणजे नाही म्हटलं, होकाराला 'नॉडेड'. आपल्याकडे मान आडवी डोलावून हो म्हणायची पद्धत आहे ना, त्यामुळे कस्टमरने मान हलवली हे लिहिताना तो हो म्हणाला की नाही ते आधी स्वतःशी पक्कं कर, नाहीतर क्लेमच उलटा व्हायचा.

शडर. आधी उच्चार, शुडर नाही, शडर, बटरसारखा. हा एकच झटका असतो, मोठा, बहुतेक वेळा किळस किंवा भयंकर काहीतरी आठवल्यामुळे. रात्री पाणी प्यायला उठलीस आणि खांद्यावर पाल पडली, ती गेल्यानंतर अंग जे आपोआप झटकलं जातं तो शडर. शिव्हर चालू राहतो, शडर येतो आणि जातो. 'आय शडर टु थिंक' हे मात्र बोलण्यातलं आहे, विचारही करवत नाही अशा अर्थाचं, त्यात कोणाचं अंगबिंग हलत नाही. मोठी अवजड गोष्टही शडर होते, मालगाडी थांबताना डब्यांतून जो एक धक्का पुढून मागे पळत जातो तेव्हा 'द ट्रेन शडर्ड टु अ हॉल्ट'. आपली लोकल थांबते तो बहुतेक वेळा नुसता जर्क.

क्विव्हर बारीक आणि भरभर, ट्रेंबलपेक्षाही बारीक. लहान मूल रडायच्या आधी दोन सेकंद बघ, अजून आवाज नाही, डोळे भरलेत, आणि खालचा ओठ. तो ओठ क्विव्हर होतो. भिंतीत घुसलेला बाण क्विव्हर होतो, आणि बाणांचा भाताही क्विव्हरच, पण तो योगायोग, ते दोन वेगळे शब्द आहेत. पिंपळाची पानंसुद्धा माझ्या मते क्विव्हरच करतात, वारा नाही असं वाटत असताना मासुंदा तलावाकाठी उभं राहून वर बघितलं तर दिसतं, देठ लांब आणि बारीक असतो म्हणून. युरोपात ॲस्पन नावाचं झाड याच कारणासाठी प्रसिद्ध, त्याचा देठ चपटा असतो, जराशा झुळकीने पान हलतं, शास्त्रीय नावच पॉप्युलस ट्रेम्युला, म्हणजे थरथरणारा. कोणी भीतीने पानासारखं कापतंय याला इंग्रजीत 'शेकिंग लाइक अ लीफ' म्हणतात आणि फार पूर्वीपासून त्या लोकांच्या डोळ्यासमोर हेच झाड आहे.

क्वेव्हर फक्त आवाजाचा, कापरा आवाज. क्वेक आता माणसांना फारसा लावत नाहीत, 'क्वेकिंग इन हिज बूट्स' सोडलं तर, तेही थोडं चेष्टेने. ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला क्वेकर आठवतो? तो एका ख्रिश्चन पंथाचा माणूस. 1650 मध्ये इंग्लंडात डर्बीला जॉर्ज फॉक्सने न्यायाधीशाला सुनावलं की देवाच्या शब्दापुढे थरथर काप, न्यायाधीशाने उलट त्यालाच क्वेकर म्हणून हिणवलं, आणि चेष्टेतलं नाव कायमचं चिकटलं. आता क्वेक भूकंपातच राहिलाय. भूकंपाची बातमी लिहायची तर एकच शब्द पुरत नाही बरं का. जमिनीला 'ट्रेमर्स' जाणवतात, इमारत 'शेक्स', उंच टॉवर असेल तर 'स्वेज', म्हणजे सावकाश डुलतो, आणि घरातली भांडी 'रॅटल'. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई इथेच ठाण्यात होती, ती सांगायची की जमीन हललेली तिला कळलीच नाही, मांडणीवरची भांडी वाजली म्हणून मांजर समजून उठली. या एका वाक्याला तिला रॅटल पुरला असता.

ट्रेमर आजाराच्या भाषेतही येतो आणि तुझ्या क्लेम्समध्ये येणारच. 1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सनने एक निबंध लिहिला, आजाराला त्याने 'शेकिंग पाल्सी' म्हटलं, आपण कंपवात म्हणतो. पार्किन्सनमध्ये हात बहुतेक वेळा मांडीवर निवांत ठेवलेला असताना हलतो आणि काही उचलायला गेलं की कमी होतो, त्याला रेस्टिंग ट्रेमर म्हणतात. याच्या उलट, कप उचलला की हात हलायला लागतो तो बऱ्याचदा एसेन्शियल ट्रेमर, पूर्ण वेगळी गोष्ट. त्यामुळे कस्टमरने फोनवर 'माय हँड्स शेक' म्हटलं तर तू पण शेकच लिही, ट्रेमर हा शब्द डॉक्टरांच्या रिपोर्टात असेल तरच घे. आणि 'ट्रेंबलिंग हँड्स' लिहिलंस की ते एकदम कथेतलं वाटतं. डोळा किंवा गाल लवतो तो ट्विच, तिथे यातलं दुसरं काहीच चालत नाही.

राहिली यंत्रं, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलेली आहे. अगदी सुरुवातीच्या दिवसांत रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या मेंटेनन्सच्या नोंदी मराठीतून इंग्रजीत करून दिल्या होत्या. 'मशीन थरथरते'चं मी ऐटीत 'द मशीन ट्रेंबल्स' केलं, एकदा नाही, 14 पानांत सगळीकडे. बाहेरच्या गिऱ्हाइकाने कागद परत पाठवले, नक्की काय होतंय ते कळवा म्हणून. तिथल्या फोरमनकाकांनी मला ऑफिसातून उठवून शॉपवर नेलं, चालू लेथच्या, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राच्या, बेडवर माझा तळहात ठेवायला लावला आणि म्हणाले, "बाई, हे व्हायब्रेशन, हे असणारच, यात कम्प्लेंट नाही." मग लेथवरून नुकताच उतरवलेला एक जॉब, म्हणजे कापून घडवलेला तुकडा, उजेडात तिरका धरला, त्या गुळगुळीत पोलादावर बारीक लाटांसारख्या रेघा होत्या, नखाने लागतील अशा. "आणि हे चॅटर. टूल कापताना उडतंय. हे लिहा." दात वाजतात तेही 'टीथ चॅटर', हे तोवर मला पुस्तकातून माहीत होतं, पण लेथही दात वाजवतो हे त्या दिवशी कळलं. 14 पानं परत लिहिली, पैसे अर्थातच एकदाचेच मिळाले.

तर तुझं वाक्य. कस्टमरचा भाग सोपा आहे, 'द कस्टमर वॉज शेकन', आणि हात खरंच कापत होते असं कोणी नोंदवलं असेल तर 'ही वॉज शेकिंग'. पाऊस असेल, तो रस्त्यावर भिजत उभा असेल तर शिव्हरिंगसुद्धा बरोबर असू शकतं, ते फाइलमध्ये बघ. गाडीचं मात्र मला इथून सांगता येणार नाही. ब्रेक मारल्यावर किंवा क्लच सोडताना गचके देत असेल तर 'जडर्स'. ठराविक स्पीडला स्टिअरिंग हातात डुगडुगत असेल तर 'वॉबल', गॅरेजवाले 'शिमी' म्हणतात तेच. नुसतीच सुरू ठेवून उभी असताना हादरत असेल तर 'शेक्स व्हाइल आयडलिंग'. आणि पत्रा सैल होऊन वाजत असेल तर 'रॅटल्स'. हे चार वेगळे बिघाड आहेत आणि चारांची बिलं वेगळी येतात, त्यामुळे कस्टमरला परत फोन करून विचार की हे नेमकं कधी होतं, आणि मगच मेल पाठव.